ठेच्याचा थाई मावसभाऊ

थाई खायला गेलात की टेबलावर सगळ्यात आधी काय संपतं, सांगा बघू? ग्रीन करी? नाही. नूडल्स? अजिबात नाही. संपते ती कडेला ठेवलेली छोटीशी वाटी. लालसर-तपकिरी, वर कोथिंबीर तरंगणारी, आंबट, तिखट, खारट आणि किंचित गोड. स्टार्टरचे दोन तुकडे पोटात जाईपर्यंत वाटी रिकामी आणि आपण वेटरकडे आशाळभूतपणे बघतोय, 'भाऊ, अजून थोडं ते... काय आहे ते?' दुसऱ्यांदा मागताना जरा ओशाळल्यासारखं होतं. तिसऱ्यांदा मागायची हिंमत फक्त ग्रुपमधल्या एखाद्या निर्लज्ज मेंबरमध्ये असते. (असा एक मेंबर प्रत्येक ग्रुपमध्ये असावाच!)

मग वीकेंडला सुपरमार्केटमध्ये आपण त्या वाटीची चव शोधत फिरतो आणि एक बाटली उचलतो. लाल, चकचकीत, 'स्वीट चिली सॉस' लिहिलेली. घरी येऊन चाखतो आणि मूड ऑफ. हे ते नव्हेच! जरा बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाचा. घटकपदार्थांच्या यादीत जे सगळ्यात जास्त असतं त्याचं नाव आधी येतं. बहुतेक बाटल्यांवर सुरुवातीलाच साखर भेटेल. मिरची बिचारी मागे कुठेतरी रांगेत उभी.

तर आजचा फंडा साधा आहे. ती वाटी बाटलीतून येत नाही, खलबत्त्यातून येते. आणि ती घरी करायला बँकॉकचं तिकीट लागत नाही. मी ती यवतमाळमध्ये करून आलेय.

आधी नावं पाठ करू

थाई भाषेत 'नाम' म्हणजे पाणी किंवा रस आणि 'जिम' म्हणजे बुडवणं. ज्यात बुडवून खायचं ते सगळं 'नाम जिम'. (आपल्या जिमशी संबंध नाही. उलट ती चुकवून करायची गोष्ट आहे!) बाटलीतला तो गोड सॉस म्हणजे 'नाम जिम काय'. इथे 'काय' म्हणजे कोंबडी. प्रश्न नाही, उत्तर आहे! भाजलेल्या कोंबडीबरोबर खायचा म्हणून हे नाव.

आणि आपली ती वाटी? ती बहुतेक वेळा 'नाम जिम जॅव' असते. भाजून कुटलेली लाल मिरची, चिंच, लिंबू, फिश सॉस, चिमूटभर गोडवा आणि भाजलेल्या तांदळाचा जाडसर कूट. 'जॅव' हा थायलंडच्या ईशान्येचा आणि शेजारच्या लाओसचा शब्द, अर्थ तोच, तोंडी लावायचं तिखट. ऐकायला अगदी आपल्या आईच्या 'जेव'सारखा!

थायलंडच्या ह्या ईशान्य भागाला 'इसान' म्हणतात. शब्द ओळखीचा वाटतोय? वाटणारच. संस्कृतातल्या 'ईशान'वरून आलाय, ज्यावरून आपलं ईशान्य आलं.

इसान म्हणजे त्यांचा विदर्भ

इसानबद्दल वाचत गेले तशी मी चाट पडले. समुद्र नाही, मोठे बीच नाहीत, टुरिस्ट फारसे फिरकत नाहीत. आपल्याकडे काळी माती आणि कापूस, तिकडे वाळूसारखी जमीन आणि चिकट भात, पण दोन्हीकडे वर्षाचं गणित पावसाच्या हातात. पीक हातचं गेलं की पोरं राजधानीकडे निघतात. बँकॉकमध्ये टॅक्सी चालवणारे, इमारती बांधणारे, घरकाम करणारे, हॉटेलात भांडी घासणारे कितीतरी लोक इसानचे. आमच्याकडे संध्याकाळी यवतमाळहून पुण्याला ट्रॅव्हल्स सुटतात ना, बॅगा, डबे आणि लोणच्याच्या बरण्या घेऊन? तशीच वाट.

ह्या लोकांनी स्वतःबरोबर काय नेलं? उखळी आणि बत्ता. थाईमध्ये 'तम' म्हणजे कुटणं, आणि कच्च्या पपईचं ते जगप्रसिद्ध 'सोम तम' मूळचं ह्याच इसान आणि लाओसच्या पट्ट्यातलं. बँकॉकच्या फूटपाथवर इसानच्या बायकांनी ते कुटायला सुरुवात केली ती आपल्याच माणसांची भूक भागवायला. आंबवलेल्या माशाच्या 'प्ला रा'चा वास आला की शहरी मंडळी नाकं मुरडायची. खेडवळ खाणं म्हणायची. आज तेच सोम तम आणि तेच जॅव बँकॉकच्या एसी मॉलमध्ये मिळतं, आणि पुण्या-मुंबईच्या रेस्टॉरंटात आपण त्याची वाटी तीनदा मागतो.

आता एक कडू गोष्ट. माझ्या ओळखीची एक मुलगी आहे, दारव्ह्याची. पुण्यातल्या एका आयटी कंपनीत नवीन लागली. डब्यात रोज भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. डबा उघडला की टीममधला एक हिरो म्हणायचा, 'खिडक्या उघडा रे, विदर्भ आला!' सगळे हसायचे. तीही हसायची. महिनाभरात तिने ठेचा आणणं बंद केलं. मग कँटीनचं सँडविच. ह्याच टीमने एका शुक्रवारी पार्टीला थाई मागवलं आणि हाच हिरो त्या छोट्या डबीतलं जॅव बोटाने पुसून खात म्हणाला, 'काय सही ऑथेंटिक आहे ना?' तिने मला हे सांगितलं तेव्हा ती चिडलेली नव्हती. फक्त म्हणाली, 'ताई, त्यात लसूण टाकला असता ना, तर आमचाच ठेचा.'

तिचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. कसं ते बघा.

दोघींचं माहेर एकच

मिरची ना आपली, ना त्यांची. तिचं माहेर मेक्सिको आणि आसपासचा प्रदेश. कोलंबस 1492 मध्ये तिकडे पोहोचला, त्यानंतर ती युरोपात आली आणि पोर्तुगीज जहाजांतून पूर्वेकडे निघाली. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतलं, 1511 मध्ये मलाक्का घेतलं आणि त्याच वर्षी त्यांचा दूत सयामची राजधानी अयुथयाला पोहोचला. म्हणजे ठेचा आणि जॅव ह्या दोघांना मिरची मिळाली ती एकाच व्यापाऱ्याकडून. सख्खे नाही, पण मावसभाऊ नक्कीच.

त्याआधी तिखट कशाने करायचे? दोन्हीकडे मिऱ्याने. आपण नव्या पाहुणीला 'मिरची' म्हटलं, मिऱ्यावरून. थाई लोकांनी तर मिऱ्याचं 'फ्रिक' हे नाव सरळ मिरचीला देऊन टाकलं आणि मिऱ्याला नवं नाव दिलं, 'फ्रिक थाई'. म्हणजे आपलं, घरचं तिखट. त्यांच्या त्या छोट्या जहाल मिरचीचं नाव आहे 'फ्रिक खी नू', शब्दशः उंदराच्या लेंड्या! आपली लवंगी मिरची नावाच्या बाबतीत फारच नशीबवान म्हणायची.

यवतमाळच्या ओट्यावर

गेल्या दिवाळीत घरी गेले तेव्हा ठरवलंच होतं. यादी काढली आणि हसू आलं. सुकी लाल मिरची घरात. चिंच घरात. गूळ घरात. तांदूळ घरात. छोटे कांदे टोपलीत. रेस्टॉरंटवाले ज्याला लेमनग्रास म्हणून भाव खातात तो गवती चहा अंगणात, नळाशेजारी. कोथिंबीर, म्हणजे आमच्या भाषेत सांभार, बाजारातून. (पुण्यात पहिल्या आठवड्यात मी भाजीवाल्या मावशींकडे 'सांभार द्या' म्हटलं होतं, त्यांनी मला समोरच्या उडप्याचं हॉटेल दाखवलं!) राहता राहिला फिश सॉस. तेवढी एक बाटली मी पुण्याहून बॅगेत नेली होती.

मी तव्यावर तांदूळ कोरडेच भाजायला घेतले तशी आई आली.

'काय करून राह्यली वं? तांदूळ जाळून राह्यली काय?'

'आई, थांब ना. थाई सॉस करतेय.'

'सॉसमंदी तांदूळ?'

मग मिरच्या भाजल्या. घरभर ठसका. बाबा पेपर घेऊन अंगणात पळाले. खलबत्त्यात मिरची टाकून मी दोन घाव घातले नसतील, तोच आईने बत्ता हातातून घेतला. 'अशी नाई कुटत, उडते डोळ्यात.' डाव्या हाताने खलाचं तोंड झाकून, मनगटातून, बेताबेताने. तीस वर्षांचा हात आहे तो. थायलंडमध्ये चोनबुरी प्रांतात आंग सिला नावाचं गाव ग्रॅनाइटच्या खलबत्त्यांसाठी प्रसिद्ध आहे. आईला त्या गावात नोकरी सहज मिळेल.

सगळं एकत्र केल्यावर तिने करंगळी बुडवून चाखलं. डोळे बारीक. मोठा पॉज.

'हा तं ठेचाच होय. चिंच घालून पातळ केला फक्त.' आणि मग, दोन मिनिटांनी, हळूच, 'भाकरी टाकू काय?'

त्या रात्री आम्ही थाई सॉस ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्ला. बाबांनी दोनदा घेतला. फिश सॉसचा विषय मी मुद्दाम काढला नाही. घरात मासे चालतात, पण बाटलीतले मासे म्हटलं की चर्चा लांबते!

आता करा

*साहित्य (चार जणांसाठी, एक वाटीभर):* सुक्या लाल मिरच्या 6 ते 8, कच्चे तांदूळ 2 मोठे चमचे, चिंचेचा घट्ट कोळ 3 मोठे चमचे, किसलेला गूळ 1 मोठा चमचा, फिश सॉस 2 मोठे चमचे, लिंबाचा रस 1 मोठा चमचा, कोमट पाणी 2 मोठे चमचे, 2 छोटे कांदे पातळ उभे चिरून, मूठभर कोथिंबीर, असल्यास पातीचा कांदा आणि गवती चहाचा एक तुकडा.

*कृती:* तांदूळ आणि गवती चहा कोरड्या तव्यावर मंद आचेवर दहा-बारा मिनिटं भाजा. हलवत राहा. तांदूळ पांढऱ्याचा सोनेरी आणि सोनेऱ्याचा तपकिरी झाला, लाह्यांसारखा वास आला की उतरवा. गवती चहा काढून टाका. तांदूळ गार झाले की जाडसर कुटा. पीठ करू नका, रव्यासारखं राहू द्या.

त्याच तव्यावर मिरच्या मंद आचेवर भाजा. रंग गडद झाला पाहिजे, काळ्या नकोत. खिडकी आधीच उघडा. देठ काढून जाडसर कुटा.

वाटीत चिंचेचा कोळ, गूळ, फिश सॉस आणि कोमट पाणी घालून गूळ विरघळेपर्यंत ढवळा. लिंबू पिळा. मिरची घाला. कांदा, कोथिंबीर घाला. तांदळाचा कूट अगदी वाढताना, एक ते दीड चमचा. आधी घातलात तर तो पाणी पिऊन फुगतो आणि सॉसची खीर होते.

*शाकाहारी असाल तर:* फिश सॉसऐवजी दीड चमचा सोया सॉस आणि पाव छोटा चमचा मीठ. चव वेगळी येते, पण छान येते. *मासे चालतात पण बाटली मिळत नाही?* आठवडी बाजारात सुके झिंगे मिळतातच. चमचाभर झिंगे खमंग भाजून कुटा, मीठ घाला, काम झालं.

*हिरवा चुलतभाऊ:* उत्तर थायलंडमध्ये, चियांग माईकडे, 'नाम फ्रिक नुम' करतात. हिरव्या लांब मिरच्या, सालासकट लसूण आणि छोटे कांदे आचेवर काळे डाग पडेपर्यंत भाजायचे, सोलायचे आणि मीठ घालून कुटायचे. आपल्या ठेच्याला ह्याहून जवळचं नातं नाही. त्यासाठी भज्यांच्या मोठ्या, कमी तिखट मिरच्या घ्या. ह्याला मिक्सर लावू नका, प्लीज. मिक्सर मिरचीचा लगदा करतो. बत्त्याने ती चेचली जाते, धागा राहतो, दर घासाला चव बदलते.

चार चवींचं राजकारण

रेसिपी पाठ करून जॅव येत नाही, चाखून येतं. चिंच एकीकडे आंबट, लिंबू दुसरीकडे चुरचुरीत. फिंगर चिप्स बुडवायच्या नाहीयेत, भाजलेलं काहीतरी बुडवायचंय, त्यामुळे नुसतं चाखताना सॉस जरा जास्तच खारट-आंबट लागला पाहिजे. खाताना तो बरोबर बसतो. फार आंबट वाटला तर गूळ, फार गोड वाटला तर लिंबू, आणि सपक वाटला तर मिरची नाही, आधी मीठ. बहुतेक वेळा आपल्याला हवं असतं मीठ आणि आपण ओतत बसतो तिखट.

आमच्याकडची मिरची कुठली ते बघूनच संख्या ठरवा. नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीला तर जीआय टॅग आहे. ती हाताशी असेल तर सहाच पुरेत. रंग हवा, जाळ नको, अशांनी निम्म्या ब्याडगी घ्याव्यात. लाजायचं काही कारण नाही.

आणि तोंड पोळलंच तर?

पाणी पिऊ नका. मिरचीतलं कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, पाण्याने ते फक्त तोंडभर फिरतं. दूध, दही, ताक घ्या किंवा साधा भात खा. आणि तिखटपणा बियांत असतो हा गैरसमज सोडा. तो असतो बिया धरून ठेवणाऱ्या आतल्या पांढऱ्या गाभ्यात. तो काढलात की मिरची बरीच शहाण्यासारखी वागते.

गंमत म्हणजे तिखट ही चव नाहीच, ती जळजळ आहे. जिभेवरच्या ज्या रिसेप्टरला मिरची चेतवते, तोच साधारण 43 अंशांच्या वरची उष्णताही ओळखतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या टीमने तो 1997 मध्ये शोधला आणि 2021 मध्ये त्यांना नोबेलही मिळालं. 43 अंश म्हणजे मे महिन्यातली यवतमाळची दुपार. आम्ही तिखट का पचवतो, ह्याचं उत्तर आता तुम्हीच शोधा!

एक सूचना कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांसाठी. मिरची कुटायच्या आधी हाताला तेल लावा, नंतर दोनदा साबणाने धुवा, आणि त्या रात्री लेन्स काढायचं काम दुसऱ्या कुणाच्या धुतल्या हाताला द्या.

कशाबरोबर?

तिकडे ते ग्रिल्ड चिकनबरोबर खातात, किंवा 'सुआ रोंग हाय' नावाच्या भाजलेल्या मांसाबरोबर. त्याचा अर्थ 'रडणारा वाघ'. (टिपेश्वरच्या वाघांनी मनावर घेऊ नये.) आपल्याकडे तंदुरी चिकन, भाजलेलं पनीर, मक्याचं कणीस, काकडीचे तुकडे, चवळीच्या कोवळ्या शेंगा, कोबीची पानं. पाटवडीबरोबर तर भन्नाट. गरम भात, वर दोन चमचे जॅव आणि उकडलेलं अंडं, हे आठ वाजता घरी पोहोचणाऱ्या माणसाचं फुल टू जेवण आहे. तांदळाचा कूट घट्ट झाकणाच्या डबीत दोन आठवडे राहतो. चिंच-गूळ-फिश सॉस-मिरचीचा बेस फ्रीजमध्ये चार-पाच दिवस. म्हणजे रविवारी अर्धा तास घाला आणि आठवडाभर दोन मिनिटांत वाटी तयार. रूमवर जागा नसेल तर वीतभर दगडी खलबत्ता पुरतो. खाली जुना टॉवेल घाला, खालच्या मजल्यावरच्या काकू दुवा देतील.

आणि एक होमवर्क. ह्या सोमवारी ऑफिसला दोन छोट्या डब्या न्या. एकात जॅव, दुसऱ्यात ठेचा. झाकणं एकदमच उघडा आणि काही सांगू नका. कोणती आधी संपते ते बघा. दारव्ह्याच्या त्या मुलीला मी हेच सांगितलंय. तिने भाकऱ्या किती आणू, एवढंच विचारलंय.